दुसऱ्या ठोक्याला वाजणारे बार

"कोणी हलायचं नाही! तीस सेकंद! एक... दोन... तीन..."

शनिवारची सकाळ, चँडलरपासून तासाभरावरचं वाळवंट, आणि काका पिस्तूल समोरच्या मातीच्या बांधावर रोखून, मान न वळवता मराठीत ओरडत होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना आठ अमेरिकन माणसं पुतळे होऊन उभी होती. त्यातल्या एकाच्या नाकावर माशी बसली होती. ती माशीसुद्धा हलली नाही.

झालं काय होतं, ते सांगतो. पिस्तुलाचा चाप ओढला आणि 'धाड'ऐवजी नुसतं 'टक' झालं, तर नळीत डोकावून बघायचं नसतं. आतली गोळी मेलेली असेल किंवा नुसती विचारात पडलेली असेल. ती उशिरा सुटू शकते. म्हणून नळी समोरच ठेवून तीस सेकंद थांबायचं. हा नियम सगळीकडे आहे. तो मराठीत पाळायचा, हा नियम फक्त काकांचा. "इंग्रजीत मी तीस आकडे अठरा सेकंदांत संपवतो," असं त्यांचं म्हणणं. "मराठीत एकोणतीसला जरा वेळ लागतो."

त्या वर्षी दसऱ्यानंतर काकांच्या गोळ्या इतक्या वेळा 'टक' म्हणाल्या की नेमबाजीच्या निम्म्या क्लबाला तीसपर्यंत मराठी आकडे पाठ झाले. तिथली शिस्त सांभाळणारा रेंज ऑफिसर म्हणजे साडेसहा फुटी निवृत्त सैनिक. त्याच्या मिशीत एखादी खार सहज संसार थाटेल. तो 'तेवीस' असं ठणठणीत म्हणायचा की माझ्या मुलीने त्याच्याकडे शिकवणी लावावी. ती चँडलरमध्येच जन्मली. तिचं मराठी 'चार'नंतर थेट 'व्हॉटेव्हर'वर जातं.

काका आमचे शेजारी. तीस वर्षं चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होते. शंभर चिपांपैकी किती चालल्या आणि उरलेल्या का मेल्या, हे शोधणं त्यांचं काम. थोडक्यात, पोस्टमॉर्टेम. अशी माणसं निवृत्त झाली की घरच्यांनी सावध राहावं. त्यांना मेलेलं काही मिळालं नाही, तर ती जिवंत वस्तू उघडून बघतात.

मी नागपूरचा, म्हणून ते मला 'नागपूर' म्हणत. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही. "नागपूर, पाना दे. नागपूर, तुझी सावली हलव."

त्यांचं एक वाक्य तुम्हीही त्यांच्या शेजारी राहिला असतात तर तुमच्या कानात कोरलं गेलं असतं: "दोष माणसाचा नसतो रे, प्रोसेसचा असतो." एकदा मी गाडी मागे घेताना त्यांची टपालपेटी आडवी केली. दुसरा कोणी चिडला असता. काका बाहेर आले, पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दोष तुझा नाही. तुझ्या रिव्हर्स घेण्याच्या प्रोसेसचा आहे." मग मला अकरा वेळा गाडी आत-बाहेर करायला लावली आणि प्रत्येक वेळी वहीत काहीतरी लिहिलं. बाहेर तापमान एकशे चौदा फॅरनहाइट होतं. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

इतर निवृत्त काका मंडळात भजन म्हणतात, मॉलमध्ये फेऱ्या मारतात, नातवंडांना शाळेत सोडतात. आमचे काका गॅरेजमधल्या बेंचवर यंत्र लावून गोळ्या भरायचे. त्यांच्याकडून मला एवढं कळलं: पितळेची एक पुंगळी असते. तिच्या बुडात एक चिमुकली टिकली बसवायची, दिवाळीत पिस्तुलाला लावायचो त्या टिकलीची ही मोठी बहीण. आत मोजून दारू, वर गोळी. चाप ओढला की सुई टिकलीवर आपटते, टिकली भडकते, ती दारूला भडकवते, आणि पुढचं सगळ्यांना ऐकू येतं. उडवलेली पुंगळी वाळूतून वेचून, धुऊन पुन्हा भरता येते. काका वाकून पुंगळ्या वेचायचे तेव्हा लांबून वाटायचं, माणूस परसात पारिजातक गोळा करतोय.

"काका, दुकानात तयार मिळतात ना?" मी एकदा विचारलं.

"चकलीपण मिळते. म्हणून आमची ही करायची थांबली का?"

खरं कारण काकूंनी सांगितलं. चार भावांतले हे धाकटे. मिरजेला दिवाळीत वाती असलेले चांगले फटाके थोरल्यांकडे जायचे आणि यांच्या वाट्याला उरलेले फुसके बार यायचे. "तेव्हापासून ठरवलं होतं म्हणे, की स्वतःच्या हातचा बार वाजवीन," काकू म्हणाल्या. "साठ वर्षं लागली. फार वेगाने काम करतात हे."

तर या माणसाच्या हातचे बार फुसके निघायला लागले. दहातला एक.

तुम्हाला वाटेल, दहातला एक म्हणजे काय मोठंसं. काकांना विचारा. ज्याने आयुष्यभर लाखातल्या एका मेलेल्या चिपसाठी रजा रद्द केल्या, त्याला दहातला एक म्हणजे घरावर दरोडा. गॅरेजच्या भिंतीवर त्यांनी आडवा कागद लावला आणि त्यावर एक मासा काढला. म्हणजे माशाचा सांगाडा. डोक्याच्या जागी लिहिलं 'टक', आणि प्रत्येक काट्यावर एकेक संशयित: स्प्रिंग, सुई, टिकली, पुंगळी, दारू, हवामान. सगळ्यात शेवटच्या काट्यावर 'माणूस'. तो काटा रिकामा होता. दोष माणसाचा नसतोच ना.

मग तपास सुरू झाला. पिस्तुलाची स्प्रिंग बदलली. टक. सुई उकळत्या पाण्याने धुतली. टक. दारूची बाटली नवी आणली. टक. हवामानाच्या काट्यावर आठवडाभर आर्द्रता नोंदवली. चँडलरमध्ये आर्द्रता नोंदवणं म्हणजे वाळवंटात बोटींचं वेळापत्रक लावणं, पण त्यांनी नोंदवली. एक दिवस जाऊन बघतो तर एका नव्या काट्यावर 'नागपूर' असं लिहिलेलं.

"काका, मी काय केलं?"

"गोळ्यांचा डबा तू गाडीत उन्हाच्या बाजूला ठेवतोस."

पुढचे दोन शनिवार मी तो डबा मांडीवर घेऊन बसलो, मुंजीतला बटू बसवावा तसा. टक. माझं नाव खोडलं गेलं. आनंद झाला, पण पाय बधिर झाले होते.

या सगळ्यात एक खूण होती, आणि ती काकांनीच मला दाखवली होती. तीस आकडे मोजून झाल्यावर तीच गोळी तशीच ठेवून पुन्हा चाप ओढला, की बहुतेक वेळा ती वाजायची. पहिल्याला टक, दुसऱ्याला धाड. "याचा अर्थ काय?" असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, गोळी नागपूरची आहे, एकदा सांगून ऐकत नाही. ते हसले नाहीत. म्हणाले, "याचा अर्थ टिकली पूर्ण बसलेली नाही. वर राहिलीय. पहिला ठोका तिला बसवण्यातच खर्च होतो. दुसरा तिला वाजवतो." एवढं बोलून ते स्प्रिंगबद्दल बोलायला लागले.

इथे मी जरा हुशार असतो, तर मला तेव्हाच कळलं असतं. टिकली बसवायला पक्कडीसारखं एक हत्यार असतं. ते हातात धरून अंगठ्याने दाबायचं. बसली की बोट फिरवून बघायचं, टिकली बोटाला लागायला नको. काकांनी बोट फिरवलं नसेल असं नाही. त्यांची बोटंच त्यांना खोटं सांगायला लागली होती. त्याच सुमाराला ते चहाला बशी नको म्हणायला लागले होते, बटणांचे शर्ट सोडून टी-शर्ट घालायला लागले होते, आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण "तरुणांना व्यायाम" म्हणून माझ्याकडे द्यायला लागले होते. हे सगळं मी बघत होतो. आपण शेजारी, बघतो खूप.

नोव्हेंबरात रेंज ऑफिसर काकांना बाजूला घेऊन गेला. फार अदबीने बोलला, मिशी हातात धरून. प्रत्येक 'टक'ला सगळी रांग थांबते, लोक कुरकुर करतात, आणि सुरक्षेचा प्रश्न आहेच. डिसेंबरच्या स्पर्धेत पन्नास गोळ्या उडवायच्या होत्या. त्यात एकही फुसकी निघाली, तर जानेवारीपासून काकांनी दुकानातल्या गोळ्या आणायच्या.

परतताना गाडीत काका म्हणाले, "एक जरी निघाली ना नागपूर, तर मी दुकानातल्या आणणार नाही. बेंच उखडून टाकीन. हाताने काही करता येत नसेल, तर मग बसायचं खुर्चीत आणि गोळ्या खायच्या. डॉक्टर देतो त्या."

डॉक्टरांचा विषय मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. आणि तिथेच संपलाही. त्यांनी खिडकी उघडली आणि म्हणाले, निवडुंगाला यंदा फुलं कमी आहेत. डिसेंबर तोंडावर आलेला. निवडुंगाला तेव्हा कोणत्याच वर्षी फुलं नसतात.

स्पर्धा तीन आठवड्यांवर आली, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच काकांनी केलं. त्यांनी बायकोवर आळ घेतला.

झालं होतं असं. खंडेनवमीला आपल्याकडे अवजारांची पूजा करतात. सुताराने करवत पुजावी, शिंप्याने मशीन. काकूंनी गॅरेजमध्ये पाट मांडून काकांचं यंत्र पुजलं. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, आणि फुलाने पाणी शिंपडलं. टिकल्यांची पेटीही पाटावर होती. अचानक काकांना दिव्य दृष्टी आली: टिकल्यांना पाणी लागलं. तेलाचं निरांजन शेजारी होतं. हळद तर सगळीकडे असते. माशाच्या रिकाम्या काट्यावर, 'माणूस'पुढे, त्यांनी 'सौ.' असं लिहिलं.

"पेटीचं झाकण कुणी उघडलं होतं?" काकूंनी विचारलं. मी त्या वेळी शिऱ्याच्या आशेने तिथेच उभा होतो.

"मी उघडलं," काका म्हणाले. "देवाला बंद पेटी कशी दाखवायची?"

"मग?"

"मग पाणी तू शिंपडलंस."

"एकेचाळीस वर्षं तुमच्या डोक्यावर अक्षता पडल्या, तुम्ही काही बंद पडला नाहीत."

काकूंना गॅरेजबंदी झाली. गॅरेजमध्येच लोणच्याच्या बरण्या होत्या, त्यामुळे दहा दिवस त्या घरात लोणच्याविना जेवण झालं. याला मी युद्ध म्हणतो. काकांनी टिकल्यांची कोरी पेटी आणली, देवाच्या आसपासही नेली नाही, आणि वीस गोळ्या भरल्या. दोन टक. दोन्ही दुसऱ्या ठोक्याला वाजल्या.

काकांनी माफी मागितली का? छे. ते इंजिनियर होते. त्यांनी वहीत लिहिलं, 'हळद: निर्दोष', खाली सही केली, तारीख घातली आणि वही उघडी ठेवून गेले. काकूंनी ती वाचली आणि लोणचं जेवणात परत आलं.

त्याच आठवड्यात काकांना दुपारी झोपायची सवय लागली. दोन ते तीन. सकाळी ते पुंगळ्यांत टिकल्या बसवून ठेवायचे, ट्रेवर ओळीने मांडायचे, वर एक पंचा झाकायचे आणि सांगायचे, "दारू चार वाजता भरीन. आता मी पडतो." मग घोरणं सुरू. भिंतीपलीकडे माझ्या मीटिंगमध्ये ऐकू यायचं. माझ्या मॅनेजरने एकदा विचारलं, तुमच्याकडे बांधकाम चाललंय का? काकांचं घोरणंही त्यांच्यासारखंच शिस्तीचं होतं. एकसारखं, मोजून, जणू कोणी वाचून दाखवतंय.

एके दुपारी मी पाना परत करायला गेलो. गॅरेजचं दार अर्धं वर होतं. आत काकू स्टुलावर बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, समोर तो ट्रे. एकेक पुंगळी उचलायच्या, बुडावरून बोट फिरवायच्या. ठीक असली तर डावीकडे. नसली तर हत्यारात घालून अंगठ्याने दाबायच्या, पुन्हा बोट फिरवायच्या आणि डावीकडे. करंजीची मुरड घातल्यावर कडा कुठे सुटलीय का, हे चाचपतात ना, अगदी तसं. दिवाळीला दोनशे करंज्या करणारा अंगठा तो. त्याच्यापुढे पितळ काय चीज आहे.

मला बघून त्या दचकल्या नाहीत. "माझ्यावर आळ आला होता," हळू आवाजात म्हणाल्या. "म्हटलं, खरं कोण ते बघूया तरी. चारपाच बोटाला टोचत होत्या."

"पण काकू, हे धोक्याचं..."

"रिकाम्या आहेत. दारू यांनी कुलपात ठेवलीय. भरलेल्याला मी हात लावत नाही, तेवढं मला कळतं." मग त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. आतून घोरणं येत होतं. "यांना सांगायचं नाही. स्पर्धा होऊन जाऊ दे."

मी पाना ठेवला आणि मांजराच्या पावलांनी निघालो. निघताना पायाने झेंडूच्या वाळक्या माळेची थाळी उडवली, तिचा आवाज दीडशे मैलांवरच्या फ्लॅगस्टाफपर्यंत गेला असेल. घोरणं मात्र एका मात्रेनेही चुकलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी काकांच्या मागे उभा होतो. रेंज ऑफिसरही होता, हात पाठीमागे बांधून. पहिली धाड. दुसरी धाड. दहावीला माझा शर्ट भिजला, तोही डिसेंबरात. विसावी, तिसावी. मी नास्तिक माणूस, पण चाळिसाव्या गोळीपर्यंत मी सिद्धिविनायक, शेगाव आणि ताजबाग अशा तिन्ही ठिकाणी जाण्याचं कबूल करून बसलो होतो. पन्नासावी धाड. पन्नासपैकी पन्नास.

गोळ्या गेल्या कुठे, हा वेगळा प्रश्न. काकांचा हात असा हलत होता की समोरच्या कागदावर चौदा भोकं पडली होती, आणि त्यातली दोन शेजारच्याची असावीत. काका शेवटून दुसरे आले. शेवटचा आला त्याला मध्येच दाताच्या डॉक्टरकडे जावं लागलं होतं.

"सुटणं आणि लागणं, हे दोन वेगळे विभाग आहेत," काका मला म्हणाले. चेहऱ्यावर असं तेज, की लग्नातल्या फोटोतही नसेल. "माझ्याकडे पहिला आहे."

रेंज ऑफिसरने त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मला वाटतं, तो हात त्यालाही जाणवला असावा. मग त्याने मिशीवरून हात फिरवला. मोठ्या मिशीचा हा एक फायदा असतो.

घरी शिरा होता. काकांनी वहीत शेवटची नोंद केली आणि आम्हाला वाचून दाखवली: 'मूळ कारण: थकवा. उपाय: दुपारची झोप. प्रोसेस स्थिर.' पुढे दोन वर्षं चँडलरच्या प्रत्येक मराठी माणसाला त्यांनी दुपारच्या झोपेचं महत्त्व सांगितलं. मंडळाच्या गणपतीत तर माईक घेऊन सांगितलं. काकू शेजारी बसून मान हलवायच्या. "हो ना. झोप फार महत्त्वाची."

हात दिवसेंदिवस बिघडत गेला. आधी त्यांनी नेमबाजी सोडली. मग दारू भरणं सोडलं. ते मी त्यांच्या डोळ्यांदेखत करायचो आणि ते माझ्या प्रोसेसला नावं ठेवायचे. शनिवारी मी गोळ्या उडवायचो आणि ते खुर्चीत बसून ऐकायचे. टिकल्या बसवणं मात्र शेवटपर्यंत त्यांचं. सकाळी पाच-सहा पुंगळ्या व्हायच्या, कधी दोनच. मधे एकदा त्यांनी टिकल्यांचं ते हत्यार बदलून लहान मुठीचं आणलं. "हे माझ्या हाताला बरं पडतं," म्हणाले. त्यांचा हात सुपाएवढा होता. मी म्हणालो, छान आहे. ट्रे, पंचा, दोन वाजता घोरणं. शेवटचे काही महिने तर ट्रेमधली प्रत्येक टिकली काकूच दाबायच्या. एकही फुसकी निघाली नाही. काका ऐकायचे, मोजायचे आणि मान डोलवायचे.

गेल्या फेब्रुवारीत काका गेले. दुसऱ्या ठोक्याची वाट न बघता, पहाटे, शांतपणे.

महिन्याभराने काकूंनी मला बोलावलं. बेंच क्लबातल्या कोणालातरी द्यायचं होतं. मी नट सोडवत होतो आणि काकू टिकल्यांच्या उरलेल्या पेट्या एका खोक्यात रचत होत्या. भिंतीवरचा मासा अजून तिथेच होता. खूप दिवस मनात होतं, ते मी विचारलं.

"काकू, काकांना शेवटपर्यंत कळलं नाही ना, टिकल्या तुम्ही दाबत होतात ते?"

काकूंनी खोक्याला चिकटपट्टी लावली, दातांनी तोडली, कडा अंगठ्याने दाबून बसवली.

"यांना दुपारची झोप कधी लागायचीच नाही," त्या म्हणाल्या.